डाव्या कोपराची नोंद

४ फेब्रुवारी

चिमे,

हे पत्र तू न वाचता फाडशील हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. फाड. पण आधीच्या सात पत्रांसारखं मुकाट्यानं फाडू नकोस. जरा आवाज करून फाड, म्हणजे निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल की तुला एक थोरली बहीण आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला चिमी म्हणू नये हे मलाही कळतं. पण तुझं कागदोपत्री नाव लिहायला घेतलं की आपण वीज मंडळाला अर्ज करतोय असं वाटतं.

तर बातमी अशी, की ठोक्याला लोकांनी अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले आहेत आणि त्यावर करवंदाएवढ्या राखाडी गोळ्या डकवल्या आहेत. सहासष्टाव्या वर्षी. सर्कशीतून निवृत्त झालेला माणूस दिसतो.

नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पडू दे. बाबांनी आपले तांबटकामाचे हातोडे तुला न देता त्याला, त्यांच्या चेल्याला दिले, तू उंबऱ्यावरून तोंड फिरवून गेलीस, त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात तांब्याचं भांडंसुद्धा काळं पडून पुन्हा तीनदा घासून होतं.

ठोक्या माझ्याकडे आला तो एक करार घेऊन. त्यातलं इंग्रजी त्याला वाचता येईना. "ताई, सही करू का?" मी म्हटलं, "आधी वाचू दे. फाशीच्या हुकमावरही सही मागतात." एका संस्थेला त्याचं काम यंत्रात साठवून ठेवायचं होतं. मोशन कॅप्चर म्हणतात. खोलीभर कॅमेरे लावायचे, त्यांना माणूस दिसतच नाही, फक्त त्या गोळ्या दिसतात. कोणती गोळी कुठून कुठे गेली याचा हिशेब यंत्र ठेवतं. माणूस मेला तरी त्याचं हलणं शिल्लक. मला ही सगळी शुद्ध भंपकगिरी वाटली. तशात करारात चौदा चुका. कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी आम्हाला छड्या मारून शिकवलेलं इंग्रजी आणि छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेली चाळीस वर्षं माझ्या अंगात एकदम जागी झाली. मी चौदाही चुका लाल शाईनं दुरुस्त करून करार घेऊन स्वतः त्यांच्या दारात गेले. त्यांनी मला सल्लागार करून घेतलं. तोंड बंद करण्याचा तो जुना मार्ग आहे. माझ्यावर चालत नाही हे त्यांना आता कळलंय.

घाईचं कारण असं, की ठोक्याच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. सकाळी अकरापर्यंत हात शहाण्यासारखा वागतो, मग त्याचं ऐकत नाही. त्याची पोरं फोन दुरुस्त करतात. बाबांचं काम येणारा तो शेवटचा माणूस आहे. तुला आवडो न आवडो.

ताई


१२ फेब्रुवारी

चिमे,

मी आज नीट लिहिते आहे का बघ. दोन कागद फाडून हा तिसरा घेतला आहे.

पहिले दोन दिवस नुसता विनोद चालला होता. घासलेलं तांबं चकाकतं, त्यावर दिवे पडतात आणि कॅमेऱ्यांना जिथे गोळ्या नाहीत तिथेही गोळ्या दिसायला लागतात. यंत्र चालवणारी एक मुलगी आहे, केस पोरासारखे कापलेली, सारखं च्युइंगम चघळणारी. ती म्हणाली, "काका, भांड्यामुळे यंत्राला भुतं दिसतायत." ठोक्या उभाच राहिला. मग तिनं सगळ्या भांड्यावर चेहऱ्याची पावडर फासली. ठोक्याचा चेहरा असा, की जणू त्याच्या सुनेला कुणी भर बाजारात पीठ फासलंय. "अशा भांड्यावर मी ठोका मारणार नाही." मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "ठोक्या, तुझ्या अंगावर बेचाळीस गोळ्या आहेत आणि पावडरची लाज भांड्याला वाटते होय रे?" तेव्हा बसला.

खोली म्हणजे कापडाचं जुनं गोदाम. भिंतींना काळा फोम लावलाय, त्यामुळे ठोका पडला की आवाज तिथेच मरतो. बाबांच्या कारखान्यात ठोका गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आठवतं? मला वाटलं, आवाज नाही तर काम कसलं.

बुधवारी पावणेबाराला मुलीनं मला पडद्यापाशी बोलावलं. "मॅडम, बघायचं?" पडदा काळा. त्यावर पांढरे ठिपके. हातोडा नाही, भांडं नाही, ठोक्याही नाही. कपडे नाहीत, टक्कल नाही, त्याची ती बेंगरूळ मिशी नाही. तिनं बटण दाबलं आणि ठिपके हलायला लागले.

चिमे, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांना बुधवारी पाहिलं.

मी भाबडी बाई नाही. मदर सुपीरियरनं शपथेवर सांगितलेले चमत्कारसुद्धा मी वर्गात बसून उलटे तपासले आहेत. पण तो खांदा बाबांचा होता. हातोडा उचलण्याआधी खांदा किंचित खाली जायचा, विहिरीत बादली सोडल्यासारखा, ते तसंच. प्रत्येक ठोक्यानंतर डावा हात भांडं जेमतेम बोटभर फिरवतो, ते फिरवणंही त्यांचंच. वर्तुळ पूर्ण होत आलं की मान उजवीकडे कलते, कानानं ऐकत असल्यासारखी. ठोक्या एका कानानं बहिरा आहे ग. त्याला त्या बाजूनं काही ऐकू येत नाही. तरी त्याची मान कलते, कारण बाबांची कलायची. हे सगळं ठोक्याच्या अंगात पन्नासहून अधिक वर्षं होतं आणि मला दिसलं नव्हतं, कारण मध्ये ठोक्या उभा होता. त्याची मिशी, त्याचं घोगरं हसणं, त्याला हातोडे मिळाल्याचा तुझा राग. ते सगळं त्या मुलीनं एका बटणानं बाजूला काढलं, आणि काळोखात बाबा उरले.

मुलीनं विचारलं, "पाणी आणू?" मी म्हटलं, "नको. पुन्हा दाखव."

तिनं पाच वेळा दाखवलं. पाचव्यांदा तिचं च्युइंगम चघळणं थांबलं होतं.

एक गोष्ट मात्र झाली आहे. तिथले मुख्य एक डॉक्टर आहेत. इंजेक्शनवाले नव्हेत, पुस्तकांवाले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ठोक्यांचा एक फेरा संपला, म्हणजे भांडं एकदा पुरतं फिरून झालं, की डावं कोपर अंगापासून बाहेर जातं आणि परत येतं. दर फेऱ्याला. त्या हालचालीचा कामाशी काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, "ही अनावश्यक आहे. साफ करू. पुढे शिकणारे उगाच तेही शिकतील."

ठोक्याला विचारलं. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "अनावश्यक कशी? फेरा झाला की तांब्याला दम खाऊ द्यायचा असतो. कोपर बाहेर काढलं की तेवढा वेळ बरोबर जातो. उस्तादांनी तसंच शिकवलंय." बाबांनी असलं काही आयुष्यात शिकवलं नाही. बाबा शिकवायचेच नाहीत. करायचे. ठोक्या समोर बसून बघायचा आणि जे दिसेल ते उचलायचा, मग त्याला कारणं आपली आपण जोडायचा.

ते कोपर कशाचं आहे हे मला माहीत आहे. मी तिथे काही बोलले नाही. आधी तुला सांगावं असं वाटलं. ते पुढच्या पत्रात.

ताई


२० फेब्रुवारी

चिमे,

तू त्या दिवशी उंबऱ्यावर काय म्हणालीस ते माझ्या डोक्यात शब्दाला शब्द आहे. "आयुष्यभर त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं. परक्याच्या पोराला समोर बसवलं आणि मला कोपर." बाबा आत होते. त्यांनी ऐकलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याला तू उत्तर समजलीस.

आता मी सांगते ते ऐक. तू वर्षाची होतीस तेव्हा आईच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. ती दीड वर्ष रुग्णालयात होती. हे तुला माहीत आहे. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात, चौदा वर्षांची. मग तू कुठे होतीस, याचा तू कधी विचार केलास? शेजारीण दोन दिवस सांभाळायची, तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीत कळ यायची. तू कारखान्यात होतीस. बाबांच्या डाव्या अंगाला, गोणपाटावर. उजवीकडे हातोडा, समोर भांडं ठोकायचा लोखंडी खुंटा, खुंट्याच्या पलीकडे भट्टी. आणि तू रांगणारी. लाल दिसलं की धावणारी.

मी सुट्टीत आले होते तेव्हा पायरीवर बसून पुस्तक वाचत होते. नाकाला रुमाल लावून, हेही लिहून टाकते. बाबा ठोके मारायचे. एक फेरा होईपर्यंत तू गोणपाटाच्या कडेला पोचायचीस. फेरा झाला की बाबा तुझ्याकडे न बघता डावं कोपर बाहेर काढायचे आणि तू त्यावर येऊन अडायचीस. मग खिदळायचीस. तुला वाटायचं खेळ आहे. मागे सरून पुन्हा निघायचीस, पुन्हा कोपर. दिवसभर. मी मोजायला लागले आणि शंभरावर सोडून दिलं. बाबांना तुझ्याकडे बघायची सोय नव्हती, बघितलं असतं तर ठोका बोटावर पडला असता. म्हणून ते कोपरानं बघायचे.

आई बरी होऊन घरी आली. तू गोणपाटावरून उठलीस, पुढे बालवाडीत गेलीस. ठोक्या त्यानंतर आला, तू चार वर्षांची असताना. त्यानं तुला तिथे कधी पाहिलंच नाही. त्यानं पाहिलं ते एवढंच, की उस्ताद दर फेऱ्याला रिकाम्या जागेत कोपर काढतात. मूल गेलं होतं, कोपर गेलं नव्हतं. बाबा म्हातारे होईपर्यंत ते तसंच बाहेर जात होतं. तू शाळेत असताना, तू नोकरीला लागल्यावर, तू उंबरा ओलांडून गेल्यावर. मी हे सगळं पाहत होते आणि इतकं सवयीचं झालं होतं की मला दिसेनासं झालं. दिसायला बेचाळीस गोळ्या लागल्या.

आता संस्थेत काय झालं ते. मी अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर सफाईचा दिवस ठरवत होते. मुलगी सकाळपासून त्या कोपरामागे लागली होती. तिनं त्या एका हालचालीची रेघ काढली होती, वर चढणारी, मग हळूहळू उतरत सपाट होणारी. तिनं मला विचारलं, "मॅडम, इथे काय होतं?"

मी विचारलं, "कुठे?"

"इथे. काकांच्या डावीकडे. हे बघा, खांदा मोकळा करायला माणूस हात झटकतो. ढकलायचं असेल तर शेवटी जोर वाढतो. यांचं उलट आहे. कोपर निघतं भरभर आणि जसजसं बाहेर जातं तसा वेग सोडत जातं. जमिनीपासून एकतीस सेंटिमीटरवर अगदी अलगद थांबतं. दर वेळी तिथेच. फार तर दोन सेंटिमीटर इकडे तिकडे. हवेत असं कुणी थांबत नाही. इथे काहीतरी होतं. एवढं उंच. आणि त्याला लागू नये म्हणून हा माणूस थांबतोय."

चिमे, तिनं गुडघ्यावर बसून हातानं उंची दाखवली. बसलेल्या मुलाच्या छातीएवढी.

तिला मूलबाळ नाही. तिला तू माहीत नाहीस, बाबा माहीत नाहीत. तिनं तुला नुसत्या रेघेतून काढलं. मी म्हटलं, "माझी बहीण होती."

ठोक्या मागे उभा होता. त्याला दोनदा सांगावं लागलं, एकदा चांगल्या कानात. मग तो आपल्याच कोपराकडे बघायला लागला. दुसऱ्याचं काही आपल्या घरात सापडावं तसा. "म्हणजे तांबं दम खात नव्हतं?" मी म्हटलं, "नाही रे." "मी माझ्या तिन्ही चेल्यांना शिकवलं ते. दोघे सोडून गेले, एक मेला. तिघंही कोपर काढायचे."

म्हणजे बघ. ज्यांनी तुला त्या गोणपाटावर कधी पाहिलं नाही अशा चार माणसांनी तुला भट्टीपासून अडवलंय.

ताई


१ मार्च

चिमे,

सोबत एक कागद जोडला आहे, संमतीचा; कोपराची हकिगत त्यावर मी लिहिली आहे. तो आधी वाच.

डॉक्टर चांगला माणूस आहे, पण त्याला प्रत्येक गोष्टीला कागद लागतो. त्याचं म्हणणं, एका बाईची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आणि जिवंत माणसाची हकिगत संग्रहात घालायची तर त्या माणसाची संमती हवी. तुझी. ती मिळाली तर कोपर राहील आणि त्याच्या शेजारी ते का आहे हे लिहिलं जाईल. नाही मिळाली तर चौदा तारखेला संग्रह कायमचा बंद होईल, आणि त्याआधी कोपर साफ होईल. पुढे जो कोणी त्या ठिपक्यांवरून शिकेल त्याला फेऱ्यानंतर काहीच दिसणार नाही. मी भांडले. मी काय भांडते तुला माहीत आहे. शेवटी तो म्हणाला, "बाई, मी तुमच्या बाजूचाच आहे, पण नियम आहे." नियमाच्या बाजूनं मी चाळीस वर्षं भांडलेय, त्यामुळे मी कागद घडी करून पिशवीत टाकला.

सही करायची की नाही ते तू ठरव. पण अर्धी हकिगत वाचून कुणी सही करू नये. म्हणून उरलेली अर्धी.

तू सोळा वर्षांची होतीस. बाबा घरी नसताना तू पत्र्याच्या तुकड्यावर ठोके मारायचीस, ते त्यांना माहीत होतं. एके दिवशी दुपारी ते छापखान्याच्या फाटकाशी आले. धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून. पहारेकऱ्याला वाटलं कुणी अर्जदार आहे. मी बाहेर आले. त्यांनी खिशातून तुझा तो तुकडा काढला, हातभर लांब धरला आणि म्हणाले, "बघ ठोके. एकात एक बसलेत. चिमीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. शिकवू का तिला?"

त्यांनी मला विचारलं, चिमे. कारण मी शिकलेली. घरात इंग्रजी वाचणारी एकटी.

माझ्याबरोबरच्या दोन बायका खिडकीतून बघत होत्या. बाबांची नखं काळी होती, कितीही घासली तरी असायची. मी म्हटलं, "बाबा, तिच्या नखांत काळं घालू नका. एक पिढी पुरे झाली." मी आणखीही बोलले. चांगल्या मराठीत बोलले, मुद्देसूद. त्यांनी सगळं ऐकलं. तुकडा पुसून खिशात ठेवला. "बरं. तुला कळतं." आणि गेले. पुढे कधी विषय काढला नाही.

तू विचारलंस तेव्हा त्यांनी नाही म्हटलं ते माझं नाही होतं. तू उंबऱ्यावर ओरडत होतीस तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सांग असं नाही. सांगू नकोस असंही नाही. नुसतं पाहिलं. मी गप्प राहिले. सव्वीस वर्षं गप्प आहे, आणि सात पत्रांत तुला उपदेश केलाय की म्हाताऱ्या बापावर राग धरू नये.

माझी बाजू अशी काही नाही. मला वाटलं होतं मी तुझं भलं करतेय. तसं वाटणाऱ्या लोकांचा मला एरवी तिटकारा आहे.

कागदावर फक्त तुझं नाव आणि सही लागते. नाही केलीस तर मी समजेन. बाबांसाठी नाही, माझ्यामुळे नाही केलीस असं समजेन. म्हणून वेगळं सांगते, तो कागद माझा नाही. कोपराचा आहे.

ताई


१५ मार्च

चिमे,

तू गुरुवारी आली होतीस. सगळ्या संस्थेला माहीत होतं, सल्लागार सोडून. मला काल कळलं.

आधी तक्रार नोंदवते. आठ तासांचा प्रवास करून माणूस येतो, माझ्या घरावरून जाणारीच बस पकडतो, आणि माझ्या दाराची कडी वाजवत नाही. मी दिवसभर घरी होते. तुझी ही वागणूक असभ्य आहे. आणि बरोबर आहे. तुझ्या जागी मी असते तर खिडकीवर दगड मारून गेले असते.

मुलीनं मला सगळं सांगितलं. तू सव्वानऊला आत आलीस. तिला वाटलं कुणी पत्रकार असेल. ठोक्या गोळ्या लावून बसला होता, शेवटचं भांडं होतं, मोठं, पाण्याचं. त्यानं मान वर केली. तुम्हा दोघांचं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं, कारण तिला ते भांडण वाटलं होतं आणि पहारेकऱ्याला बोलवावं की काय असा तिला प्रश्न पडला होता.

"म्हातारी झालीस."

"तू काय कोवळा राहिलायस? हे काय घातलंयस?"

"विचारू नकोस. सुनेनं पाहिलं तर जेवायला घालणार नाही."

"माझे हातोडे घेतलेस तू."

"घेतले. झिजवलेही. बघायचेत?"

तू हातोडा हातात घेऊन तोलून पाहिलास म्हणे. मुठीला अंगठ्याचा खळगा पडलाय, त्यात आपला अंगठा ठेवून पाहिलास. मग परत दिलास आणि म्हणालीस, "मार. बघू दे."

तो म्हणाला, "बघायचं तर समोर बस."

तू समोर बसली नाहीस. तू त्याच्या डाव्या अंगाला गेलीस आणि पर्स बाजूला ठेवून सरळ जमिनीवर बसलीस. मुलगी म्हणाली, "तुमच्या बहिणीचे गुडघे दुखत असावेत, बसताना खूप वेळ लागला." मी म्हटलं, "आमच्या घराण्यात सगळ्यांचेच दुखतात. पुढे सांग."

पुढचं तिनं सांगितलं नाही, दाखवलं. कॅमेरे चालू होते.

तू त्यात नाहीस. तुझ्या अंगावर गोळ्या नव्हत्या, म्हणून यंत्राच्या दृष्टीनं खोलीत एकटा ठोक्याच आहे. काळा पडदा, पांढरे ठिपके. खांदा खाली जातो, हात वर जातो, ठोका. डावा हात बोटभर फिरवतो. मान कलली. फेरा संपला. कोपर निघालं, भरभर निघालं आणि वेग सोडत गेलं.

चिमे, ते परत आलं नाही.

मुलीनं घड्याळ लावून मोजलंय. अकरा सेकंद. हातोड्याच्या हाताचा ठिपका हवेत तसाच वर. ठोक्या असा कधी थांबत नाही, घराला आग लागली तरी फेरा पुरा करेल. छातीवरचे दोन ठिपके तेवढे वरखाली होत होते. श्वास असणार. शेवटी मुलीनं एकदम पडद्याला नाक लावलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कोपराचा ठिपका पण हलतोय. छातीच्या तालात नाही. दुसऱ्याच तालात." मला कळायला थोडा वेळ लागला. तो तुझा श्वास होता. तू यंत्रात कुठेच नाहीस, आणि तिथे एक ठिपका तुझ्या श्वासानं वरखाली होत होता.

मग ठोका पडला. चुकून पडला, वर्तुळाच्या बाहेर. भांड्यावर खूण आहे.

डॉक्टर म्हणाले, तू कागद त्यांच्या टेबलावर ठेवलास. नाव आहे, सही आहे. अक्षर अजूनही डावीकडे झुकतं. त्यांनी तुला विचारलं, यात काही बदल हवाय का. तू म्हणालीस, "माझ्या बहिणीनं लिहिलंय ना? मग बदल कोण करणार." हे कौतुक होतं की टोमणा, यावर मी काल रात्रीपासून विचार करते आहे. डॉक्टरांना विचारलं, तुमचा कयास काय. ते म्हणाले, त्यांना बायकांच्या बोलण्यातलं कळत नाही.

काल संग्रह बंद झाला. कोपर आहे. त्याखाली नोंद आहे, तुझ्या नावासकट. ती अकरा सेकंदं मात्र त्यांना कुठे घालावी कळेना, कारण कामाचा नमुना म्हणून ती निरुपयोगी आहेत आणि त्यांत ठोका चुकलाय. मी त्यांना शेवटी ठेवायला लावली. कुणी शिकणारा तिथपर्यंत पोचलाच तर त्याला दिसेल. इतकी वर्षं ते कोपर हवेत थांबत आलं, आणि एका गुरुवारी सकाळी ते टेकलं.

ताई